थ्री सिरीजवर स्टॅगर्ड अलॉय आणि स्पेसर: किनारपट्टीच्या रस्त्यांवर हा सेट कसा आहे

बीएमडब्ल्यू थ्री सिरीजची एफ३० पिढी आपल्याकडे २०१२ ते २०१९ विकली गेली. आता ती सेकंड हँड बाजारात पुष्कळ दिसते आणि रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीकडेही बऱ्याच गाड्या आल्या आहेत. या गाडीची मूळची १६ किंवा १७ इंची चाकं फेंडरच्या आत दबल्यासारखी दिसतात, म्हणून नवा मालक पहिला हात चाकांनाच घालतो. त्याला विकला जाणारा सगळ्यात सामान्य सेट स्टॅगर्ड, म्हणजे मागे रुंद आणि पुढे अरुंद चाकांचा असतो: पुढे १८ इंच ८ जे (‘जे’च्या आधीचा आकडा म्हणजे रिमची रुंदी इंचांत) ऑफसेट ३४ (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये), मागे १८ इंच ८.५ जे ऑफसेट ४७, सोबत पुढे १२ आणि मागे १५ मिलिमीटरचे हबसेंट्रिक स्पेसर (हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो गाडीचा भाग, आणि चाक यांच्यामध्ये बसून चाक बाहेर आणणाऱ्या चकत्या) आणि लांब बोल्ट. हे परीक्षण त्या सेटचं आणि तो बसवण्याच्या कामाचं आहे. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही. एकाच साच्याची चाकं वेगवेगळ्या नावांनी विकली जातात आणि चाकाच्या पाठीमागचे शिक्के वाचता आले की नावाची गरज फारशी उरत नाही.

आधीच सांगतो: चाकं घेण्यासारखी आहेत. स्पेसरही बरे आहेत. सोबत येणारे बोल्ट मात्र डोळे झाकून लावू नयेत. आणि ‘अर्ध्या तासात बसवून देतो’ असं म्हणणाऱ्या दुकानात हे काम अजिबात करू नये, कारण या सेटचं बरंवाईट सगळं हब साफ करण्यावर आणि बोल्टच्या लांबीवर ठरतं. त्यात आपल्याकडचा खारा वारा, जांभ्याची तांबडी माती आणि चतुर्थीला खचाखच भरलेली गाडी, या तिन्हींचा हिशेब घाटावरच्या दुकानदाराने केलेला नसतो.

चाकांची मापं चांगली का, ते बघा. हीच मापं बीएमडब्ल्यूने स्वतः या गाडीच्या एम स्पोर्ट प्रकाराला दिली होती. टायर पुढे २२५/४५ आर १८ आणि मागे २५५/४० आर १८. पुढच्या टायरचा व्यास ६५९.७ मिलिमीटर भरतो आणि मागच्याचा ६६१.२. म्हणजे दीड मिलिमीटरचा फरक. मागची चाकं पुढच्यांपेक्षा वेगळ्या गतीने फिरतात असं ट्रॅक्शन कंट्रोलला (चाक घसरू न देणाऱ्या यंत्रणेला) वाटलं, तर ते विनाकारण मध्ये पडतं. या जोडीत तसं होत नाही. मूळच्या २२५/५० आर १७ चा व्यास ६५६.८, त्यामुळे स्पीडोमीटरमध्येही जाणवेल इतका फरक पडत नाही. काही दुकानदार ‘मागे आणखी रुंद घ्या’ म्हणून २६५/३५ आर १८ गळ्यात मारतात. त्याचा व्यास ६४२.७ येतो, पुढच्यापेक्षा सतरा मिलिमीटर कमी. तो घेऊ नका. दिसायला मागे जास्त रबर येतं, पण घाटातल्या ओल्या वळणावर इलेक्ट्रॉनिक्स गोंधळतं आणि फेंडरमधली फट उलट वाढते.

टायर घेताना लोड इंडेक्स वाचा. ९५ म्हणजे एका टायरवर ६९० किलो आणि ९९ म्हणजे ७७५ किलो. पुढे ९५ आणि मागे ९९ असलेले एक्स्ट्रा लोड टायर घ्या. त्याच मापात ९१ चा टायर स्वस्त मिळतो. तो ६१५ किलोचा असतो आणि भरल्या गाडीत आपल्या खड्ड्यांवर त्याच्या बाजूला फुगा येतो.

आता चाकाची पाठ. पी.सी.डी. (बोल्टांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) ५ × १२० आणि मधल्या भोकाचा व्यास ७२.६ मिलिमीटर असलाच पाहिजे. नव्या जी२० थ्री सिरीजची चाकं ५ × ११२ आणि ६६.६ ची असतात. ती एफ३० वर बसत नाहीत, आणि ‘वॉबल बोल्ट (सरकत्या बैठकीचे बोल्ट) लावून बसवू’ म्हणणाऱ्याकडून उठून यावं. या सेटमधल्या काही चाकांचं भोक ७३.१ असतं आणि सोबत प्लास्टिकची रिंग देतात. आंबा घाट किंवा कुंभार्ली उतरून आल्यावर ब्रेकची उष्णता हबपर्यंत पोचते. त्या तापाने प्लास्टिकची रिंग मऊ पडते, एका बाजूने दबते आणि पुढच्या लांबच्या प्रवासात स्टिअरिंग थरथरायला लागतं. म्हणून थेट ७२.६ चं चाक मागा, आणि नसेल तर ॲल्युमिनियमची रिंग लावा. चाकाच्या आत जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे शिक्के कोरलेले असावेत. नुसता स्टिकर चालणार नाही. जेडब्ल्यूएल हे जपानचं हलक्या मिश्रधातूच्या चाकांचं मानक आहे, आणि व्हीआयए म्हणजे त्या चाचणीची तिथल्या स्वतंत्र संस्थेकडे नोंद झाल्याची खूण.

रंगाबद्दल मी ठाम आहे. समुद्राजवळ राहणाऱ्याने मशीन कट किंवा डायमंड कट चाक घेऊ नये. तासलेल्या उघड्या ॲल्युमिनियमवर फक्त पारदर्शक लॅकरचा पातळ थर असतो. रस्त्यावरचा जांभ्याचा खडा उडून त्याला टवका गेला की खारी हवा आत शिरते आणि लॅकरखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेघा पसरत जातात. मग पुन्हा तासून घेण्यापलीकडे इलाज उरत नाही, आणि तासलं की धातू कमी होतो. पूर्ण पावडर कोटिंग केलेलं राखाडी किंवा चंदेरी चाक घ्या. त्याला टवका गेला तर टचअपचा एक थेंब पुरतो.

पावडर कोटिंगचा एक तोटा मात्र या सेटमध्ये हटकून दिसतो. बोल्टचं डोकं जिथे टेकतं ती शंकूच्या आकाराची बैठक, आणि चाकाची पाठ जिथे स्पेसरला चिकटते तो सपाट भाग, दोन्हींवर रंगाचा जाड थर बसलेला असतो. बोल्ट आवळला की हा रंग हळूहळू दबतो, आणि रंग दबला तेवढा बोल्ट सैल पडतो. मग दोनशे किलोमीटरवर मागच्या चाकातून ‘टक टक’ सुरू होते. चाक घेतानाच बैठका उघड्या धातूच्या आहेत का, ते बघा. रंग असेल तर दुकानदाराला त्याच मापाच्या साठ अंशाच्या कटरने फक्त रंग काढून द्यायला सांगा. हे काम पॉलिश पेपर लावलेल्या ड्रिलने करू देऊ नका. बैठक वाकडी झाली तर चाक वाया गेलं समजा.

स्पेसर कशासाठी लागतो, हे एकदा आकड्यांनी समजून घेतलेलं बरं. ८.५ जे म्हणजे रिमची आतली रुंदी २१५.९ मिलिमीटर. तिचा निम्मा १०८. त्यातून ऑफसेट ४७ वजा केला की रिमची बाहेरची कड हबच्या पृष्ठभागापासून ६१ मिलिमीटर बाहेर येते. पुढे ८ जे म्हणजे २०३.२, निम्मा १०१.६, वजा ३४, म्हणजे ६७.६. स्पेसर न लावता मागचं चाक फेंडरमध्ये खोल का दिसतं, ते यावरून कळतं. मागे १५ चा स्पेसर लावला की कड ७६ वर येते. पुढे १२ लावला की ७९.६. पुढचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) २४ आणि मागचा ३० मिलिमीटरने वाढतो. मूळच्या सस्पेन्शनवर मागचा टायर फेंडरच्या रेषेच्या किंचित आत राहतो, आणि तसाच राहायला हवा. २० चे स्पेसर लावले की रेषेच्या बाहेर जातो. मग पावसात सगळा चिखल दरवाज्यावर, आणि दगड मागच्या बंपरच्या कोपऱ्यावर.

स्पेसर निवडताना दोन गोष्टी पाहायच्या. एक, तो दोन्ही बाजूंनी हबसेंट्रिक हवा. म्हणजे त्याचं आतलं भोक हबच्या कॉलरवर घट्ट बसलं पाहिजे आणि बाहेरच्या बाजूला त्याचा स्वतःचा ७२.६ चा कॉलर असला पाहिजे. त्या कॉलरवर चाक बसतं. नुसती चकती असेल, किंवा एकाच स्पेसरमध्ये ४ × १०० पासून ५ × १२० पर्यंतची लांबट भोकं असतील, तर तो भंगारात. दोन, तो घडवलेल्या ॲल्युमिनियमचा, मशीनवर कापलेला आणि अ‍ॅनोडाइझ केलेला हवा. ओतीव स्पेसरच्या कडेला बारीक छिद्रं दिसतात. या सेटचे स्पेसर या दोन्ही कसोट्यांना उतरतात. अ‍ॅनोडाइझचा थर मात्र पातळ आहे. पहिल्याच उघडझाकीत हबच्या बाजूने काळा रंग निघून पांढरा धातू दिसायला लागतो. तिथेच पुढे मीठ काम करतं.

आता बोल्ट. एफ३० ला एम १४ × १.२५ चा बोल्ट (१४ मिलिमीटर जाडीचा, दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर) आणि साठ अंशाची शंकूची बैठक लागते. आधीच्या ई९० थ्री सिरीजचा बोल्ट एम १२ × १.५ चा आहे. स्कोडा आणि फोक्सवॅगनचा एम १४ × १.५ आणि तोही गोल बैठकीचा. हे तिन्ही दुकानाच्या एकाच डब्यात पडलेले असतात. एम १४ × १.५ चा बोल्ट एफ३० च्या हबमध्ये एक-दोन आटे हाताने जातो आणि मग अडतो. तिथे कोणी बोल्ट आवळायची गन लावली की हबचे आटे गेले. नवा बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. फिरला नाही तर तिथेच थांबा.

लांबी कशी ठरवायची? एफ३० च्या मूळ बोल्टचा आट्यांकडचा भाग साधारण २८ मिलिमीटर असतो. त्यात स्पेसरची जाडी मिळवा. पुढे १२ ला ४० आणि मागे १५ ला ४३. या सेटमध्ये बरेचदा वीसच्या वीस बोल्ट एकाच लांबीचे येतात, ४० चे किंवा ४५ चे. ४० चा बोल्ट मागे लावला तर आटे कमी पकडतात. ४५ चा पुढे लावला तर हबच्या पाठीमागे पाच मिलिमीटर जास्त डोकावतो. शिवाय बाजारातल्या चाकाच्या मधल्या भागाची जाडी मूळ चाकाइतकीच असेल असं नाही, त्यामुळे गणित करून झालं तरी प्रत्यक्ष आटे मोजावेत. चाक आणि स्पेसर जागेवर ठेवून बोल्ट हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि फेरे मोजा. एम १४ × १.२५ ला निदान नऊ पूर्ण फेरे हवेत. अकरा आले तर उत्तम. आठ आले तर ते बोल्ट परत करा.

जास्त लांब बोल्टचा धोका मागच्या चाकात आहे. या गाडीचा हँडब्रेक मागच्या डिस्कच्या आतल्या ड्रममध्ये असतो. बोल्ट जास्त आत गेला की तो ब्रेकच्या शूजना किंवा त्यांच्या स्प्रिंगला लागतो. कधी नुसतं खरखरतं, कधी चाक जाम होतं. म्हणून लांब बोल्ट स्पेसरशिवाय कधीही लावायचा नाही. स्टेपनी लावण्याची वेळ येते तेव्हा हीच चूक होते: रात्री टायर गेला, स्पेसर काढला, स्टेपनी चढवली आणि हातात होते तेच लांब बोल्ट लावले. मूळचे पाच बोल्ट एका कापडी पिशवीत, बोल्टच्या सॉकेटसह, स्टेपनीजवळच ठेवा. पिशवीवर ‘स्पेसर नाही’ असं मार्करने लिहा, म्हणजे दुसरं कोणी चाक बदलत असलं तरी घोटाळा होणार नाही.

बसवायचं काम चार चाकांचं मिळून किमान तीन तासांचं आहे, आणि त्यातला बहुतेक वेळ हब साफ करण्यात जायला हवा. गाडी स्टँडवर घेऊन मूळ चाक काढलं की हबच्या सपाट तोंडावर तांबूस पोपडा दिसतो. आपल्याकडे तीन वर्षांच्या गाडीवरही तो असतो. तारेचा ब्रश ड्रिलला लावून तो काढायचा, मग हिरवा स्कॉचब्राइट, मग ब्रेक क्लीनर आणि कोरडं फडकं. डिस्क धरून ठेवणारा छोटा स्क्रू डिस्कच्या पातळीत आहे की वर आलाय, तेही नखाने चाचपून पाहा. वर असेल तर स्पेसर त्याच्यावर टेकतो आणि कितीही आवळला तरी तिरका राहतो. हबच्या उंचवट्याच्या मुळाशी, म्हणजे कॉलर आणि सपाट भाग जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, गंजाची एक बारीक कडा उरते. ब्रश तिथे नीट पोचत नाही. ती छोट्या तासणीने खरवडून काढायची. चाक डगमगण्याच्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा याच कडेत सापडतं.

मग स्पेसर नुसता हाताने चढवून बघायचा. तो दाबल्यावर सगळीकडून सपाट बसला पाहिजे. त्याच्या आणि डिस्कच्या मध्ये ०.०५ मिलिमीटरची फीलर गेजची पट्टी कुठूनही आत शिरता कामा नये. शिरली तर पुन्हा साफ करा. हबचा उंचवटा १२ च्या स्पेसरमधून बाहेर येत नाही ना, हेही बघायचं. बाहेर येत असेल तर चाक त्या उंचवट्यावर टेकेल आणि स्पेसरला चिकटणारच नाही.

हबच्या कॉलरवर आणि स्पेसरच्या कॉलरवर सिरॅमिक पेस्टचा अगदी पातळ हात फिरवा. पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारं पाणी आलं की दोन्ही एकमेकांना धरून बसतात. पेस्ट नसेल तर वर्षभराने स्पेसर काढायला रबरी हातोडाही पुरत नाही. पण पेस्ट सपाट तोंडावर नको आणि बोल्टच्या आट्यांवर तर मुळीच नको. आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवायचे. तेल लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला कितीतरी जास्त ताणला जातो.

पाचही बोल्ट हाताने टेकवा. मग ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे एक सोडून पुढचा, आधी ६० न्यूटन मीटर, मग १००, आणि गाडी जमिनीवर टेकवून शेवटी १४०. ई९० असेल तर १२०. गनने शेवटपर्यंत आवळून वर टॉर्क रेंचची ‘कट्’ ऐकवणारे पुष्कळ आहेत. गनने आधीच २०० दिलेले असतील तरी रेंच कट् म्हणणारच, त्यामुळे ती कट् ऐकून खात्री होत नाही. समोर उभे राहून हाताने करून घ्या. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर, चाकं थंड असताना, पुन्हा १४० ला तपासा. रंगाची बैठक असेल तर पाचशेवर आणखी एकदा.

घासतं का, हे रिकाम्या गाडीत कळत नाही. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक दोन जाड फळ्यांवर, साधारण १५० मिलिमीटर उंचीवर चढवा आणि मागच्या फेंडरच्या आतल्या कडेपासून टायरपर्यंत बोट जातं का ते बघा. मग उलट बाजू. पुढे स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून चाकामागचा प्लास्टिकचा लाइनर पाहा. नंतर पाच जण आणि भरलेली डिकी घेऊन नेहमीच्या स्पीडब्रेकरवरून जा. त्याआधी टायरच्या बाहेरच्या खांद्यावर खडूची रेघ ओढून ठेवा. रेघ पुसली गेली तर कुठे लागतं ते लगेच दिसतं. मागे हलकं लागत असेल तर फेंडर आतून वाकवून घेण्याचा सल्ला मिळतो. किनाऱ्यावर तो अमलात आणू नका. हीट गन लावूनही कडेच्या आतला रंग तडकतो, आणि तिथून सुरू झालेला गंज बाहेर दिसेपर्यंत पत्रा कुजलेला असतो. १५ काढून १२ चा स्पेसर लावा आणि ४० चे बोल्ट. तीन मिलिमीटरने दिसण्यात काही बिघडत नाही.

रस्त्यावर फरक काय पडतो? वळणात मागची बाजू घट्ट वाटते आणि आंबोलीसारख्या घाटात उतरताना गाडी रेषेत राहते. पण मागे रुंद आणि पुढे अरुंद रबर असल्याने, जास्त वेगाने वळणात शिरलं तर पुढचा भाग आधी बाहेर ढकलला जातो. पुढच्या १२ च्या स्पेसरमुळे स्टिअरिंग रस्त्यातले चर पकडतं. महामार्गावर चिरे भरलेल्या ट्रकांनी दाबलेल्या डांबरात किंवा काँक्रीटच्या दोन पट्ट्यांच्या सांध्यावर हात घट्ट ठेवावा लागतो. ज्याला हे नको असेल त्याने पुढे स्पेसर लावूच नये आणि मागे १२ लावावा. माझ्या मते या किनाऱ्यावर रोज चालवायच्या गाडीला हीच जोडी सगळ्यात शहाणपणाची आहे.

पाऊस हा खरा मुद्दा. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, कारण त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. २५५ च्या टायरची नक्षी ३ मिलिमीटरवर आली की तो पावसाळ्यापूर्वी बदला. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण महामार्गावर साचलेल्या पाण्यात ती पुरत नाही. शिवाय या गाडीत मागचे टायर आधी झिजतात आणि स्टॅगर्डमध्ये पुढचे मागे करता येत नाहीत. म्हणजे मागची जोडी नेहमी वेगळी घ्यावी लागणार. २५५/४० आर १८ गावातल्या दुकानात सहसा ऑर्डर दिल्यावरच येतो. कोल्हापूर किंवा मडगावहून मागवायचा तर दोन-चार दिवस धरून चाला. मे महिन्याच्या मध्यातच नक्षी मोजा.

स्टिअरिंग किंवा सीट थरथरायला लागली की लगेच बॅलन्सिंगला धावू नका. आधी चाकाच्या आतल्या पोकळीत हात घाला. ओल्या जांभ्याच्या मातीचा थर तिथे एका बाजूला चिकटतो, गाडी उभी राहिली की वाळतो आणि दगडासारखा होतो. पन्नास ग्रॅमचा असा एक गोळा ऐंशीच्या वेगाला स्टिअरिंग हलवायला पुरे. पाण्याचा जोरदार फवारा आतून मारा. तरीही थरथर राहिली तर बोल्टचा टॉर्क, मग हबचं तोंड, मग बॅलन्सिंग, आणि शेवटी रिम वाकली आहे का, या क्रमाने जा. स्टिअरिंग हलत असेल तर पुढे शोधा, सीट हलत असेल तर मागे. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं येत असेल आणि गाडी एका बाजूला वळवली की ती वाढत असेल, तर बेअरिंग. स्पेसरने चाकाचा भार १५ मिलिमीटर बाहेर नेला आहे, त्यामुळे आधीच थकलेलं बेअरिंग लवकर बोलतं. स्पेसर लावण्यापूर्वी गाडी उचलून प्रत्येक चाक वर-खाली धरून हलवून पाहा. त्यात खेळ असेल तर आधी बेअरिंग बदला.

फेरीबोटीने जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीवर ओहोटीच्या वेळी रॅम्पचा उतार तीव्र असतो आणि टोकाला खारं पाणी चाकावर येतं. हब, स्पेसर आणि चाक यांच्यामधल्या फटीत ते अडकतं. त्याच दिवशी गोड्या पाण्याने चाकांच्या आतून धुवा आणि नंतर दोन-चार वेळा जरा जोरात ब्रेक दाबा, म्हणजे उष्णतेने फटीतलं पाणी वाळेल. अशी ये-जा नेहमीची असेल तर स्पेसर न लावलेलेच बरे. इतर सगळ्यांनी वर्षातून दोनदा, मेअखेर आणि दिवाळीच्या सुमारास, चारही चाकं काढून हब आणि स्पेसर पुन्हा साफ करावेत.

पंक्चरवाल्याचाही विचार करा. आडगावात टायर अजून लोखंडी पहारेने काढतात. त्यात रिमची कड खरवडते आणि रनफ्लॅटची (हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणाऱ्या टायरची) बाजू फाटते. नक्षीतलं पंक्चर बाहेरून स्ट्रिप घालून काढून घ्या आणि टायर उतरवायचा झाला तर मशीन असलेल्या दुकानापर्यंत थांबा. साधे टायर घेतले असतील तर स्टेपनी किंवा पंपासह पंक्चर किट डिकीत हवंच. वेळणेश्वर ते गुहागर रस्त्यावर रात्री कोणी भेटेल या भरवशावर निघू नका. चाकं बदलल्यावर हवा ओळखणारी यंत्रणा गाडीच्या मेनूतून रीसेट करा, नाहीतर ती जुन्या मापावर चालते.

कागदपत्रांकडेही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल करायला मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तेच अधोरेखित केलं. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेल्या मापाची चाकं समजावून सांगता येतात. स्पेसरचं तसं नाही. म्हणून विमा कंपनीला चाकं आणि स्पेसर दोन्ही लेखी कळवा आणि पोच घ्या. मूळची चाकं विकू नका. ती धुऊन, कोरडी करून, टायरसकट आडवी रचून घरात ठेवा. मूळ बोल्टांपैकी पाच स्टेपनीजवळ असतीलच. उरलेले पंधरा या चाकांसोबत डब्यात ठेवा, म्हणजे गाडी विकताना किंवा तपासणीला नेताना दुपारभरात सगळं पूर्ववत करता येतं.